चौपट जागा, दुप्पट तार

"गुरुलिंगप्पानं तार कमी मागवलीय. तेरला जाऊन तपासा," इंजिनिअर साहेब म्हणाले. माझ्या मनात उकळ्या फुटल्या.

लढाईचे दिवस, निजामाचा अंमल. काटेरी तार हैदराबादेहून एकदाच मंजूर व्हायची. कमी पडली तर पुन्हा मिळणं मुश्कील. गुरुलिंगप्पा आणि मी, दोघंही बांधकाम खात्यात ओव्हरसियर. उमरग्याला वरची जागा रिकामी झाली होती आणि ती मला हवी होती. पण साहेब सल्ला विचारायचे त्यालाच. माझ्या नकाशांवर नुसती सही करायचे. त्याचं नाव निघालं की माझ्या तोंडची चव जायची.

काम कोंडवाड्याचं होतं, म्हणजे मोकाट जनावरं कोंडायच्या जागेचं. जुना साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद. हुकूम आला, चारी बाजू दुप्पट करा. साहेबांचा हिशेब असा, की नव्यात जुन्यासारखे चार कोंडवाडे मावतात, मग तारही चौपट हवी. गुरुलिंगप्पानं दुप्पटच मागितली होती.

तेरला पोचलो आणि मोजणीची साखळी टाकली. चूक निघावी एवढीच इच्छा. परिमिती म्हणजे कडेकडेनं एक फेरी मारल्यावर भरणारं अंतर. जुन्याची दोनशे फूट. नव्याची चारशे. पुन्हा मोजली, चारशेच. आतली जागा चौपट झाली होती, पण तार फक्त कडेनं जाते. चार वेगळे कोंडवाडे केले असते तर मधल्या बाजूंनाही तार लागली असती. इथं मधे मोकळं रान.

गुरुलिंगप्पा तिथंच खांब रोवून घेत होता.

"बरं झालं, तुमीच आलात," तो म्हणाला. "साहेबांना शंका आली तवा म्याच तुमचं नाव सांगितलं. तुमच्या मोजणीत खोट नसती."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी आणखीच जळलो.

परतताना सारखं वाटत होतं, चौपटच लागेल म्हणावं. साहेबांना ते आधीच पटलेलं. गुरुलिंगप्पा बाजूला झाला असता आणि उमरगा माझं.

"काय निघालं?" साहेबांनी विचारलं.

"दुप्पटच पुरते, साहेब. त्याचा हिशेब बरोबर आहे."

तार आली आणि पुरलीही. उमरग्याची जागा गुरुलिंगप्पाला मिळाली. जाताना तो घरी पेढे देऊन गेला. बायकोनं सगळ्यांना वाटले, मी भूक नाही म्हणालो.

एवढं मात्र शिकलो. ज्याच्यावर आपण जळतो, त्याचा हिशेब तपासायला जाऊ नये. बरोबर निघाला तर तसं आपल्याच तोंडानं सांगावं लागतं.