तीन जखमा, एकच जंतू

तिसऱ्या पेशंटच्या ड्रेसिंगवरही तोच हिरवट पू दिसला आणि डॉक्टर मला म्हणाले, "मावशींचे हात तपासा. मला खात्री आहे."

भूममधल्या एका लहान खासगी हॉस्पिटलची लॅब मी सांभाळते. तिघींचंही सिझर झालेलं. तिघींच्या पुवाचं कल्चर मी केलं होतं. कल्चर म्हणजे जंतू ताटलीत वाढवायचा आणि कुठल्या औषधानं मरतो ते बघायचं. हा नेहमीच्या एकाही अँटिबायोटिकला दाद देत नव्हता. त्यातल्या ईट गावच्या सुनीताचा ताप उतरेना. टाके उसवले होते.

"सोलापूरला न्यावं लागंल का वो?" तिची सासू दिसेल त्याला विचारायची.

ड्रेसिंग वॉर्डातल्या मदतनीस कमलमावशी करायच्या. माझाही संशय त्यांच्यावरच होता. काहीतरी निमित्त काढून मी वॉर्डात थांबायचे. हात धुतात का, किती वेळ धुतात, बघायचे. त्यांच्या ते लक्षात आलं.

"माझ्यावर पाळत ठिवली व्हय, मॅडम?"

"फक्त स्वॅब घ्यायचाय." म्हणजे निर्जंतुक कापसाची काडी हातावरून फिरवायची.

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. तोंड मात्र फिरवलं.

रिपोर्ट स्वच्छ आला. माझा विश्वास बसेना. पुन्हा घेतला, पुन्हा स्वच्छ. ट्रे, कात्री, चिमटे तपासले. काही नाही.

मग एका सकाळी मावशी जखम पुसायच्या लोशनची बाटली भरताना दिसल्या. तळाशी जुनं लोशन. त्यावरच थोडं नवं ओतलं, वर नळाचं पाणी.

"बाटली धूत नाही?"

"डॉक्टरच म्हणले व्हते, उरलेलं फेकू नगा, त्यातच भर घाला."

ते लोशन मी ताटलीत घातलं. तोच जंतू उगवला. पाणी घालून पातळ झालेलं लोशन त्याला मारत नव्हतं, निबर करत होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही?"

"मग माझेही हात तपासता का, सर?"

दुसऱ्या दिवसापासून उकळलेल्या छोट्या बाटल्या आल्या. उकळून गार केलेल्या पाण्यात मापानं रोज ताजं लोशन, संध्याकाळी उरलेलं मोरीत. याला खर्च म्हणावा असा काहीच नव्हता.

बाकी दोघींच्या जखमा ताज्या लोशननं भरून आल्या. सुनीताला मात्र शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं इंजेक्शन द्यावं लागलं. ते लागू पडलं. ती बाळाला घेऊन घरी गेली. त्या जंतूची चौथी जखम आली नाही.

मी कमलमावशींची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. अजूनही त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

संशय घ्यायचाच असेल तर आधी बाटलीवर घ्यावा. तिला अपमान वाटत नाही.