रविवारचे सहा पूल

सिंगापूरहून बोटीने तासाभरावर बाटम नावाचं इंडोनेशियाचं बेट आहे. तिथून पुढची बेटं सहा पुलांनी एकमेकांना जोडली आहेत. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण आमचे हे इंजिनिअर, आणि कुवेतला फिंतासच्या आमच्या घरात त्या उन्हाळ्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. ऑफिसात यांच्या खुर्चीमागची भिंत रिकामी होती. तिथे यांना पुलाचा मोठा फोटो लावायचा होता. अट एकच, फोटोत माणूस नको.

"माणसं आली की पूल कोणी बघत नाही," हे म्हणाले.

म्हणून सिंगापूरच्या सहलीत पुलांसाठी यांनी मुद्दाम रविवार निवडला. कामाचा दिवस, चिटपाखरू नसेल. मीही मान डोलावली. कुवेतमध्ये आमची सुट्टी गुरुवार-शुक्रवारी. रविवारी सकाळी सहाला यांची कंपनीची बस, पावणेसातला मुलीची शाळेची. इतक्या वर्षांत रविवार म्हणजे डबे भरायचा दिवस, एवढंच डोक्यात बसलेलं.

पहिल्या पुलावर अख्खं बेट लोटलं होतं. उंच खांब, ताणलेल्या तारा, खाली हिरवं पाणी, आणि कठड्याला टेकलेली शे-दोनशे माणसं. स्कूटरींची रांग, भाजत्या कणसांचा धूर, चटया टाकून बसलेली कुटुंबं.

"या लोकांना ऑफिसं नाहीत का?" हे म्हणाले.

नऊ वर्षांची मुलगी कणसांकडे बघत म्हणाली, "बाबा, टुडे इज संडे. नॉर्मल पीपल हॅव अ हॉलिडे."

यांनी घड्याळातला वार बघितला, मग माझ्याकडे. "तू तरी सांगायचंस."

"मी कुठे नॉर्मल आहे?" मी म्हटलं आणि तीन कणसं घेतली. तेवढ्यात मुलीने यांच्या हातातून कॅमेरा घेऊन माझा एक फोटो काढला. रोल वाया घालवला म्हणून तिला बोलणी बसली.

पुढच्या पुलांवरही तेच. हे कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहायचे. एक कुटुंब हललं की दुसरं यायचं, आणि पाहुणा आपलाच फोटो काढतोय असं समजून हसत रांगेत उभं राहायचं.

सहाव्या पुलावर मात्र कोणीही नव्हतं. का, ते लगेच कळलं. आखूड, सपाट, सिमेंटचा पूल, दोन्हीकडे झुडपं. पण हे खूश. उरलेला सगळा रोल त्याच्यावर संपवला.

कुवेतला आल्यावर फोटो मोठा करून, चांगली लाकडी चौकट बसवून घेतला. शनिवारी तो ऑफिसात जायचा होता. शुक्रवारी जवळच महबूल्यात राहणारे यांचे मित्र जेवायला आले. तेही इंजिनिअर. त्यांनी चष्मा वर सरकवून फोटो नीट पाहिला.

"वहिनी, हा पूल आपल्या फहाहील रस्त्यावरचा ना? ही झाडं कधी लावली तिथे?"

यांनी वरणभात संपवला आणि उठून फोटो चौकटीतून काढला.

चौकट वाया जाणं मला पटेना. मी मुलीने काढलेला फोटो मोठा करून आणला आणि आत बसवला. मागे पहिला पूल, आजूबाजूला पंचवीस-तीस अनोळखी माणसं, मधोमध मी कणीस खाते आहे. आम्ही कुवेत सोडेपर्यंत तो ऑफिसातल्या त्या भिंतीवर होता. येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, कणसाला काय लावलंय. मग हे उठून बोटाने पूल दाखवायचे.