जवाईबापूंचा स्तरित खडक

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, फळ्याच्या मधोमध रेघ मारायचा, एकीकडे 'अग्निजन्य', दुसरीकडे 'स्तरित' लिहायचा आणि 'फरक स्पष्ट करा' म्हणून खुर्चीत बसायचा. एवढ्या भांडवलावर तो आमच्या घरात देव होता, कारण तो जावई होता.

नव्वदच्या दशकात बाबांनी सिंदी मेघेला प्लॉट घेतला. नळाचा पत्ता नव्हता, म्हणून घराआधी विहीर. पाणी लागलं नाही तर आईला रोज दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागणार, हे सगळ्यांना कळत होतं.

विहिरी खणणाऱ्या म्हाताऱ्यानं पूर्वेचा खोलगट कोपरा दाखवला. भाऊजींनी मात्र पश्चिमेच्या उंचवट्यावर उघड्या पडलेल्या दगडाकडे बोट केलं.

"हे बघा थर. थर म्हणजे स्तरित खडक. त्यात पाणी मुरतं. इथेच खणा."

"थे थर नाई, बापू," म्हातारा म्हणाला. "दगडाचे सालटे आहे. कांद्यासारखे सुटते. अंदर काया पत्थर."

मी तेव्हा अकरावीत होते, सायन्सला. गाळाचा दगड वाळू नाहीतर चिखल साचून, दबून होतो. वाळूचा असला तर बोटानं घासल्यावर कण सुटतात. लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड ढिम्म हलत नाही. मी चार सालटी उचकटली आणि आतल्या गोट्यावर पेलाभर पाणी ओतलं. सगळं ओघळून गेलं.

"बघा भाऊजी, थेंबही प्यायला नाही."

ते हसले. "साळीबाई, थर मोजा आधी. पेपरात पेला विचारत नाहीत."

मला असा संताप आला! बाबांनी मला बाजूला ओढलं. "गप राह्य. जवाईबापूचा शब्द मोडू काय मी? पोरगी त्यायच्या घरी नांदून राह्यली."

झालं. मुहूर्ताचा नारळ उंचवट्यावर फुटला. दोन हातांत मुरूम संपला आणि काळा पाषाण लागला. सुरुंग लावले, छिन्न्या बोथट झाल्या, तळाशी नुसती भुकटी. भाऊजी काठावरून डोकावले आणि म्हणाले, "हा खडक जरा अपवादात्मक दिसतो." घ्या! दगड चुकला, गुरुजी नाही. त्या माणसाबद्दल उरलासुरला आदर मी त्याच खड्ड्यात टाकला.

घर बांधलं शेवटी. पूर्वेच्या शेजाऱ्यानं आमच्या कुंपणाला लागून, त्याच म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून विहीर खोदली. पंधरा हातांवर पाणी लागलं. आई तिथून गुंडानं, म्हणजे पितळी घागरीनं, पाणी आणायची. शेजारीण बिचारी चांगली होती, पण आई प्रत्येक वेळी "घेऊ काय व बाई?" असं विचारूनच दोर सोडायची.

नव्या घरातल्या पहिल्या दिवाळीला जावई आले. आईनं पहाटेपासून आठ खेपा केल्या. भाऊजींनी उटणं लावून घेतलं, कढत पाण्याच्या चार बादल्या अंगावर ओतल्या आणि टॉवेलनं कान पुसत बाहेर आले.

"वा! या भागात पाणी मुबलक आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं."

मी तोंड उघडलं. आईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"हो जवाईबापू," ती म्हणाली आणि रिकामं गुंड कमरेवर घेतलं. "अजून आणू काय?"