दोन अर्धे कोयते

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही.

सासरे वारले आणि त्याच वर्षी माझा नवरा न सांगता परागंदा झाला. टोळीचा ट्रक निघायच्या दिवशी सासूबाई माझा हात धरून मुकादमापुढे उभ्या.

"ही तोडेल, मी बांधीन. लिही एक कोयता."

"मावशी, दोन बायकांचा कोयता होतो का कुठं?"

"दोन अर्धे मिळून किती होतात रे? गणित कच्चं दिसतंय तुझं. आणि जोडीच हवी असेल तर आम्ही भांडतोसुद्धा नवरा-बायकोसारख्याच!"

ट्रकभर माणसं हसली. मुकादम म्हणाला, "बरं, चला. आठ दिवस बघतो." जमलं नाही तर मला भावाच्या दारात जावं लागणार होतं, आणि सासूबाईंना एकटीनं रिकाम्या घरात.

त्या आठ दिवसांत बाईंनी मला नुसतं सोलून काढलं. "खालून तोड गं, अगदी जमिनीलगत! गोडी बुडख्यात असते. शेंडे काय चाटायचेत?" माझ्या हाताला फोड आले, तेव्हा पदराची चिंधी फाडून बांधली, पण बांधतानाही तोंड चालूच. तीस हंगाम मोळ्या बांधलेला हात तो. हिरव्या पाल्याला पीळ घालून गाठ कधी मारायचा, कळायचंही नाही. मला जाम राग यायचा. आणि त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही, हेही कळायचं.

आठव्या दिवशी मुकादम झोपडीशी आला. "पोरी, तुझा हात बसलाय. तू राहा, बांधायला एक तरणी बाई देतो. मावशींचं वय झालं, त्या उद्याच्या गाडीनं घरी जातील."

आता सासूबाई याला चांगलं सुनावतील म्हणून मी वाट बघत राहिले. पण बाई जन्मात पहिल्यांदा खाली मान घालून गाठोड्यात कपडे भरायला लागल्या.

माझं डोकंच फिरलं. कोयता मुकादमाच्या पायाशी टाकला. "मग हाही घेऊन जा. अर्धा कोयता मी चालवत नाही. आमची जोडी आहे, ती फोडायची नाही!"

ऐन हंगामात तोडणारा हात घालवणं त्याला परवडणारं नव्हतं. त्यानं वही काढली, "एक कोयता" असं पुटपुटत लिहिलं आणि निघून गेला.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्यावरच उखडल्या. "मुकादमाशी असं बोलतात होय? उचल तो कोयता, गंज चढेल. आणि उद्या तरी खालून तोड!"