पांढरी पाचची गुरगुर

माझ्याकडं इलेक्ट्रिक गिटारचे तीन पिकअप होते. आता दोन आहेत, आणि तेही खणात पडून, कारण बसवायला गिटारच राहिली नाही. ज्यांना पिकअप म्हणजे काय ते मालूम नाही त्यांना आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग मधे कुणी तोंड घालणार नाही. गिटारच्या तारांखाली काडेपेटीहून जरा लांबट डबी असते. तिच्यात लोहचुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की खाली तांब्यात वीज उठते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. एवढंच हाय ते. लोक गिटारच्या लाकडावर तासन्‌तास बोलतात, पण आवाज कुठून येतो विचारलं तर माझं बोट त्या डबीवरच जाणार.

मला हे कळायचं कारण माझा धंदा. मी मूळचा मुरुडचा. लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झालं, त्या सुमारास मी लातूरला मोटार वायंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायच्या दुकानात होतो. जिल्हा झाला म्हणून नवी हापिसं, नव्या पाट्या, नवे साहेब. आणि पाणी मात्र नाही. विहिरी तळाला गेल्या, मोटारी कोरड्या फिरून जळू लागल्या, आणि रोज बैलगाडीतून, सायकलच्या कॅरेजवरून काळ्या पडलेल्या मोटारी दुकानापुढं येऊन पडायच्या. सगळ्यांचे धंदे बसले आणि आमचा तेवढा जोरात. लाज वाटायची. पण माणूस दारात मोटार टाकून उन्हात उभा असला की हात थांबवता येत नाही.

आमच्या उस्तादानं पहिल्या दिवशी एकच शिकवलं. मोटारीच्या अंगावर हात ठेव आणि ऐक. चांगली मोटार सळसळते. गुरगुरली की समज, आजारी हाय, आज न्हाई तर उद्या जळणार. ते माझ्या कानात असं बसलं की आजही घरातला पंखा गुरगुरला तर मला झोप लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्यातूनच झालं.

माझी गिटार हैदराबादच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची, वापरलेली घेतलेली. तिच्यातला पिकअप एकाच गुंडाळीचा. आवाज कच्च्या कांद्यासारखा, झणझणीत. पातळ तार छेडली तर कानात सुई जायची, जाड तारेवर मात्र पोकळ वाटायचा. हलक्या हातानं वाजवा, हलका वाजेल. चिडून वाजवा, तुमची चीड जशीच्या तशी बाहेर. काही म्हणजे काही लपत नसे. आणि खोड एकच. स्पीकर चालू केला की आपण तारेला बोट लावायच्या आधीच गुंऽऽ अशी गुरगुर सुरू. एका गुंडाळीच्या पिकअपला ती असतेच, आसपासच्या विजेची गुरगुर तो पकडतो. मला ती बिलकुल खपत नव्हती. आजारी मोटार छातीशी धरून वाजवल्यासारखं वाटायचं.

आमची जयंतीच्या गाण्यांची पार्टी होती. पेटी, ढोलक, मी, आणि गाणारा माझा दोस्त. मुरुडच्या आमच्याच आळीतला, माझ्याच वयाचा, बुद्धविहाराच्या ओट्यावर आम्ही दोघं एकत्र वाढलो. दिवसा तो मिळंल ती मजुरी करायचा. पण गळा असा की त्यानं पहिली ओळ टाकली की चहाच्या गाड्यावरची माणसं कप तसाच धरून उभी राहायची. आणि त्याची एक शान होती. गाण्याच्या आधी तो शेर म्हणायचा, ठेका न्हाई, साथ न्हाई, मोकळा गळा. त्यासाठी त्यानं पेटीला सूर कधी मागितला नाही. माझ्या स्पीकरजवळ येऊन डोळे मिटून क्षणभर उभा राहायचा आणि थेट उचलायचा. दर वेळी पेटीवरची पांढरी पाच, तीच एक पट्टी. पेटीवाला बोट ठेवून बघायचा आणि मान हलवायचा. लोक म्हणायचे, ह्याला जन्मतःच सूर दिलेला हाय. तोही तसंच म्हणायचा, जरा छाती फुगवून. मी त्याला चिडवायचो, की सूर दिला पण अक्कल द्यायची राहिली.

त्या वर्षी जिल्ह्याच्या गावाला, लातूरला, मोठी जयंती ठरली. नवे साहेबलोक समोर बसणार, सगळ्या तालुक्यांतून माणसं येणार. आमच्या पार्टीला संध्याकाळचं पहिलं गाणं मिळालं. दोस्त हरखून गेला होता. चांगला गायला तर कुठंतरी चिकटून जाईन म्हणाला, मोठ्या पार्टीत, रेडिओवर, कुठंही. त्याला मजुरीतून सुटायचं होतं आणि त्याच्याजवळ गळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

मला वाटलं, आपण त्याला काहीतरी द्यावं. साहेबांपुढं गुरगुरणारा स्पीकर बरा दिसत न्हाई.

आधी मी एक पिकअप स्वतः गुंडाळला. जुन्या टेलिफोनच्या घंटीतली बारीक तार आणि सायकलच्या डायनामोचं चुंबक. हौसेनं वेढे जास्त घातले. वेढे वाढले की आवाज दांडगा होतो पण त्याची धार जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जाड तारेवर तो छान घुमायचा, ज्वारीच्या भाकरीसारखा भरीव. पातळ तारांवर मात्र घोंगडं पांघरून बोलल्यागत. शिवाय गुंडाळी सैल राहिली म्हणून स्पीकरजवळ नेला की किंचाळायचा. मग मोटारीला पाजतो तसं त्याला वार्निश पाजलं. किंचाळणं थांबलं. गुरगुर तशीच.

तेव्हा डोक्यात आलं की एकाच्या जागी दोन गुंडाळ्या करायच्या, शेजारी शेजारी, दुसरी उलटी आणि तिचं चुंबकही उलटं. म्हणजे तारेचा आवाज दोघी मिळून देतात आणि विजेची गुरगुर एकीची दुसरी खाते. दुकानात एक जुनं इंग्रजी मासिक आलं होतं, त्यातल्या चित्रावरून हे कळलं. आठ दिवस बसलो. तार चार वेळा तुटली. शेवटी जयंतीच्या आदल्या दिवशी बसवला, स्पीकर चालू केला, आणि चकार आवाज नाही. मी उठून वायर नीट लागलीय का ते बघून आलो. मग तार छेडली. गोल, जाड, मऊ आवाज, कुठं कड नाही की टोक नाही. साजूक तुपातला शिरा म्हणा. आज मला तो आवाज जरा गुळमट वाटतो, पण त्या दिवशी मी एकटाच दुकानात हसत बसलो होतो. आणि मी कुणालाच सांगितलं नाही. म्हटलं, ऐकू दे तिथंच.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही स्टेजवर चढलो. खाली माणूसच माणूस. मी स्पीकर चालू केला. शांत. मी दोस्ताकडं बघितलं, त्याला कळेल म्हणून. तो नेहमीसारखा स्पीकरजवळ आला, डोळे मिटले, उभा राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. मग त्यानं शेर उचलला.

फार वर उचलला. पेटीवाल्याची बोटं त्याचा सूर शोधत पट्ट्यांवर धावली. शेराची शेवटची ओळ वर जाणारी होती. तो गेला, ताणला, आणि वर गेल्यावर गळा फाटला. चिरकन. मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि मग हशा पसरला. त्यानं पट्टी खाली आणून कसंबसं पुढचं गाणं पुरं केलं, पण माझ्या दोस्ताचा गळा काही त्यात नव्हता.

स्टेजच्या मागं आल्यावर त्यानं माझा दंड धरला.

"आज तू काई बदललंस का रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

का म्हणालो? भ्यालो म्हणून. एवढ्या मोठ्या दिवशी न सांगता पिकअप बदलला, तालीम न्हाई, काही न्हाई, तो चिडंल म्हणून. त्याचा गळा आणि माझा पिकअप यांचा काही संबंध असंल हे तेव्हा मला मालूम नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण बदललं होतं, आणि मी न्हाई म्हणालो.

त्यानं मान हलवली. म्हणाला, मग गळाच गेला. त्या वर्षी सगळे बोअरचं खारं पाणी पिऊन राहिले होते. आळीतली म्हातारी माणसं म्हणाली, त्या पाण्यानंच खाल्ला गळा. तो जेष्ठमध चघळायला लागला, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळायला लागला. पुढच्या कार्यक्रमाला आलाच नाही. नव्या जिल्ह्याच्या हापिसांत शिपायांची भरती निघाली, तिथं लागला. लोकांनी त्याला नोकरीबद्दल पेढे मागितले. त्यानं वाटले, पण मला पेढा देताना माझ्याकडं बघितलं नाही, किंवा मला तसं वाटलं.

कळलं मला दोन महिन्यांनी. तो गुळमट आवाज कंटाळवाणा वाटायला लागला म्हणून मी जुना पिकअप परत बसवला. स्पीकर चालू केला, गुरगुर आली. हत्यारं आवरता आवरता माझ्या तोंडून त्याच्याच शेराची पहिली ओळ आपसूक निघाली. ती त्या गुरगुरीवर अशी बसली की मी जागीच थांबलो. दुकानात कुणाची तरी पेटी दुरुस्तीला आली होती. पांढरी पाच दाबून बघितली. स्पीकर आणि पेटी जवळजवळ एकच बोलत होते. म्हणजे इतकी वर्षं तो डोळे मिटून तिथं उभा राहायचा तो ह्यासाठी. त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. सूर माझ्या आजारी पिकअपचा होता, आणि मी तो बरा करून टाकला होता.

त्याच दिवशी जायला हवं होतं. नोकरीमुळं तो आता लातूरलाच, दुकानापासून चार गल्ल्या सोडून तर राहायचा. आज जातो, उद्या जातो म्हणालो. मग मला नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तोही बदली होत होत देवणीला गेला. एकदा न्हाई म्हटलेलं माणसाला किती वर्षं धरून ठेवतं, ते मी अनुभवलंय. कॉलेजात विद्यार्थी आपापल्या गिटारी दाखवायला आणायचे, महागातले पिकअप. कुठला कुरकुरीत, कुठला धुरकट, कुठला पितळी घंटेसारखा स्वच्छ. मी मत द्यायचो आणि ते डायरीत लिहून घ्यायचे. संध्याकाळी खोलीवर येऊन मी तो जुना, एका गुंडाळीचाच लावायचो, आणि बऱ्याचदा वाजवायचो नाही. नुसता चालू ठेवायचो. बायको होती तोवर ती विचारायची, हे काय लावलंय घरात. ती गेल्यावर विचारणारं कुणी राहिलं नाही. नांदेडात माझ्याशी बोलणारं त्या गुरगुरीशिवाय दुसरं काही नव्हतं, खरं सांगतो.

मग लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली ते साल उजाडलं. टीव्हीवर ते डबे बघितले आणि मला खारं पाणी आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार आणि लहान स्पीकर घेऊन बसमध्ये बसलो. उदगीरला बदलून देवणी.

तो ओळखू येत नव्हता, पण गळ्यात मफलर होता. मे महिना आणि मफलर. सुनेला त्यानं माझी ओळख करून दिली, आम्ही बरोबर वाजवायचो म्हणून. लाईट नव्हती. आम्ही ओट्यावर बसलो आणि मी सगळं सांगितलं. दोन गुंडाळ्या, उलटं चुंबक, आदला दिवस, न्हाई म्हणालो ते. माझं झाल्यावर त्यानं मफलरचं टोक चाचपलं.

"म्हंजी गळा चांगला व्हता माजा," तो म्हणाला.

"हाव."

"पस्तीस वर्सं म्या त्याला शिव्या घातल्या."

मला माफी मागायची होती. घरून वाक्य ठरवून आलो होतो. ते निघालंच नाही. तेवढ्यात लाईट आली, घरात पंखा फिरायला लागला. त्यानं गिटारकडं हात केला, लाव म्हणाला. मी वायर जोडली, स्पीकर चालू केला. गुंऽऽ. तो उठून जवळ आला, पूर्वी उभा राहायचा तसाच उभा राहिला आणि डोळे मिटले. ओठ हलले. आवाज निघाला नाही. मग मफलर सोडून खुंटीला अडकवला आणि आत निघून गेला.

मी गिटार मांडीवर घेऊन बसून राहिलो. तारेला हात लावला नाही, लावला असता तर ती गुरगुर झाकली गेली असती. सुनेनं चहा आणून दिला. म्हणाली, मामा आत भिंतीकडं तोंड करून बसलेत. शेवटच्या बसची वेळ झाली तरी तो बाहेर आला नाही. मी उठलो आणि बटण बंद करायला वाकलो.

"बंद करू नगंस," आतून आवाज आला. "त्ये तितंच ऱ्हाऊ दे. तू जा."

मी गिटार तशीच चालू ओट्यावर ठेवली आणि स्टँडकडं निघालो. वळणापर्यंत ती ऐकू येत होती. घरी पोचून दार उघडलं, तर खोलीत काहीच वाजत नव्हतं.