वाकळेला शिवलेला मामा

भाच्याच्या जावळाच्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मी एका वाकळेला शिवला गेलो.

लिहिण्यात चूक झालेली नाही. वाकळ मीच शिवत होतो हे खरं. पण शिवून झाल्यावर उठायला गेलो तेव्हा वाकळही माझ्याबरोबर उठली, आणि नेमक्या त्याच वेळी कोगनोळीची गाडी दारात येऊन थांबली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मला तोवर फार आवडायचा.

आधी आक्काचं सांगतो, म्हणजे माझ्या जिवाचं पाणी का झालं ते कळेल. आक्का माझ्याहून दीड वर्षानं थोरली. कोगनोळीला दिलेली. लग्नानंतर आठ वर्षं पाळणा हलला नाही, आणि त्या आठ वर्षांत कोगनोळीतल्या बायकांनी तिला जे जे ऐकवलं ते लिहायला वही पुरायची नाही. बिचारीनं कधी उलटून तोंड उघडलं नाही. मुलगा झाला तेव्हा मात्र एकदाच उघडलं. पाणवठ्यावर कोणीतरी म्हणालं, “बघू की, जावळाला म्हायेरचं काय येतंय!” तर आक्का भरल्या घागरीनिशी वळून म्हणाली, “माझ्या आईच्या हातची वाकळ येनार हाय. मिशनीचा एक टाका आसला तर नाव बदलीन!”

हे तिच्या सासूबाईंच्या कानावर गेलं. आई त्यांना विहीणबाई म्हणे, म्हणून आम्ही सगळेच (त्यांच्या पाठीमागे) विहीणबाई म्हणत असू. बाई उंच, करारी. कापड पारखायची त्यांची एक पद्धत होती: सुलटी बाजू बघायचीच नाही. कापड उलटं करायचं आणि टाक्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नख अडखळत गेलं तर हाताचं, सरळ घसरलं तर मिशनीचं. सुनेची बढाई त्यांनी स्वतःची करून गावभर सांगितली, आणि वर म्हणाल्या, “मिशनीची निघाली तर आल्या पावली माघारी धाडीन. सुनंलाबी आन् वाकळंलाबी!”

आणि जावळाला नऊ दिवस उरलेले असताना आईच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं.

वाकळेच्या चारी कडा तेवढ्या तिच्या हातून झाल्या होत्या. मधला सगळा मळा मोकळा. आई अंगठा कोमट पाण्यात बुडवून बसली आणि रडू लागली. तिथं मी, म्हणजे निपाणीच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर, घरात कर्ता पुरुष म्हणून पुढं सरसावलो. (मी सरसावलो की घरातली माणसं मागं सरकतात, हा अनुभव आहे.)

“आई, तू रडू नको. मी करतो.”

“तू? तुला सुईत दोरा घालता येतो का रं?”

“मिशनीवर करतो.”

आईचं रडणं एकदम थांबलं. भीतीनं.

झालं होतं असं, की मागच्या उन्हाळ्यात बेळगावला गेलो असताना खडेबाजारातल्या एका मिशनीच्या दुकानात भरतकामाचं प्रात्यक्षिक चाललेलं मी पाहिलं होतं. अठरा बायका आणि मी. शिकवणाऱ्या बाईंनी मिशनीचा कापड दाबणारा लोखंडी पायच काढून टाकला, खालचे दाते झाकले, आणि मग कापड हातानं हवं तसं फिरवत सुईनं चक्क पोपट काढला! पेन्सिलीनं काढावा तसा! पेन्सिल हलवायची नाही, कागद हलवायचा, एवढाच फरक. मी घरी येऊन आमच्या हिच्या मिशनीचा पाय काढला आणि वर्षभरात चार पोपट, दोन कमळं काढली आणि सोळा सुया मोडल्या होत्या. तेव्हा मला कोण आत्मविश्वास!

लढाईचे दिवस. कापड मिळायचं नाही. वाकळेत घरातलंच जुनेर गेलं. तळाला माझी दोन विरलेली धोतरं. त्यावर आईच्या इरकली लुगड्याचं आभाळ. आभाळावर वडिलांच्या जुन्या काळ्या कोटाचा हत्ती, आणि हत्तीवर अंबारीत बसलेला भाचा. थरावर थर ठेवून, हत्तीचे सुळे, कान, सुरकुत्या मी मिशनीनं मोकळ्या हातानं काढत गेलो. चित्र खरोखर उठलं. अगदी ही सुद्धा म्हणाली, “म्हैस छान आलीय.”

पण नखाचं काय? त्यावर हिनं तोड काढली. मिशनीच्या प्रत्येक रेघेवर उलट बाजूनं हातानं धावदोरा घालायचा. मी दिवसाकाठी वीतभर हत्ती काढी आणि ही बोटं चाळण होईस्तोवर तो लपवी. आठ दिवस हेच.

आक्का बाळाला घेऊन चार दिवस आधी आली. तिनं वाकळ बघितली, उलटी केली, आणि तिथंच जमिनीवर बसली.

“बापू, हे कळलं तर मला त्या घरात मान वर करून चालता यायचं न्हाय रं.”

“कळणार नाही.”

“आठ वर्सांत एक शब्द बोलले रं मी. एकच.”

मी तिला शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काय, हे पुढं येतंच आहे.

जावळाच्या दिवशी पाहुणे दुपारी येणार होते. हिनं मला सकाळीच मानाचं धोतर नेसायला लावलं. हे धोतर आक्काच्या लग्नात तिच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, मला दिलेलं. तांबड्या काठाचं, तलम. ते नेसूनच व्याह्यांची भेट घ्यायची, असा मान होता. (वडील गेल्यापासून तो मान माझ्याकडं.) नेसून झालं, आणि माझी नजर वाकळेवर गेली. हत्तीचं शेपूट मला किंचित अशक्त वाटलं.

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता.

मी मिशनीवर बसलो. वाकळेचा पसारा मांडीवर घेतला. शेपटाचा गोंडा दाट भरायचा म्हणून मिशन जोरात पिटाळली. पुढं, मागं, गोल, आडवं. कापड दाबणारा पाय नसल्यामुळं सुईखाली काय येतंय याचा तिला काही विधिनिषेध नव्हता. मांडीवरून धोतराचा सोगा हळूच वर चढला आणि वाकळेखाली जाऊन बसला. तीन बोटं जागेत मी दोनशे-अडीचशे टाके घातले. गोंडा असा भरला, की खऱ्या हत्तीनं बघितला असता तर लाजला असता.

दोरा तोडला. उठलो. वाकळ उठली.

“अगं ए!”

ही धावत आली. तिनं वाकळ उलटी केली. तिथं तांबडा काठ होता. पक्का. ती सुईच्या टोकानं टाके उसवू लागली, तर एक टाका निघायला एक मिनिट!

आई आतून कात्री घेऊन आली. “काप.”

“अवं, आप्पांच्या मानाचं धोतर! आन् आज!” ही म्हणाली.

“मग दुसरं नेस!”

दुसरं एकच होतं आणि ते परसात दोरीवर ओलंचिंब लोंबत होतं. बाकीची दोन वाकळेच्या तळाला होती! आक्का बाळाला कडेवर घेऊन दारात उभी, चेहरा पांढराफटक. आणि तेवढ्यात घुंगरं वाजली. ऊन व्हायच्या आत पोहोचावं म्हणून पाहुणे तीन तास आधी आले होते.

मी पुढच्या सोप्यातल्या पाटावर बसकण मारली, वाकळ मांडीवर पसरली. हिनं मिशनीवर चादर टाकली. आईनं कात्री पदराखाली घेतली.

आप्पा आत आले ते दोन्ही हात पसरूनच. “या बापूराव! भेट घ्या!”

“आप्पा… गुडघा धरलाय.”

“गुडघा?” आप्पांचे डोळे चमकले. मला आठवलं, आणि फार उशिरा आठवलं, की आप्पा हाडं बसवण्यात पंचक्रोशीत नाव काढून होते. “कुटला? ह्यो? जरा पाय सरळ करा बघू!”

“नको, आप्पा! आपोआप जाईल!”

“आपाप कसा जाईल? ब्येसपैकी झटका द्याचा!”

त्यांनी माझा पाय धरून झटका दिला. पाय सरळ झाला, कासोटा सैल झाला, आणि मी वाकळ दोन्ही हातांनी छातीशी धरून किंचाळलो. “बसला!” आप्पा खूश होऊन म्हणाले. “आता उठा!”

“आता… जरा बसू दे बसलेला!”

विहीणबाई मात्र माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या वाकळेकडं बघत होत्या. त्यांचा अंगठा नुसता शिवशिवत होता. “ती बघू जरा,” म्हणून त्यांनी हात पुढं केला.

“मावशी, आधी जावळ!” मी ओरडलो. “मुहूर्त!”

असा काही मुहूर्त नव्हता. तरी बाळाला माझ्या मांडीवर बसवलं. मांडीवर वाकळ, वाकळेवर भाचा. न्हाव्यानं वस्तरा काढला. आक्का समोर बसली. ओंजळीत केस झेलायच्या ऐवजी ती माझ्या धोतराकडंच बघत होती. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. बाई सगळे देव नावानिशी घेत होती. अर्धं डोकं झालं. पाऊण झालं. मला वाटलं, निभावलं.

आणि भाच्यानं मांडीवर कारंजं सोडलं.

बायका हसल्या. विहीणबाई नातवाला उचलून सुनेकडं देत म्हणाल्या, “आना ती वाकळ, उनात टाकते.” आणि त्यांनी वाकळेची कड धरून ओढली.

मी आवळून धरली.

“सोडा की बापूराव!”

“राहू दे मावशी, मला काही त्रास नाही!”

“अवं, वली झालीया!”

“मला आवडतं!”

(खरोखर म्हणालो.) त्यांनी जोर केला. कासोटा सुटला. मी एका हातानं कंबर धरली, दुसऱ्या हातानं हत्तीची सोंड. आणि धोतर, वाकळ, विहीणबाई अशी माळच तयार झाली. काय अडकलंय ते बघायला त्यांनी वाकळ उलटी केली.

त्यांचं नख फिरायला लागलं. धावदोऱ्यावर अडखळलं. मग दोन टाक्यांमधल्या फटीत शिरलं, आणि घसरलं. सर्रकन. शेपटापर्यंत.

आक्का बाळाला छातीशी धरून उभी राहिली. मी उभा राहू शकत नव्हतो, म्हणून बसूनच म्हणालो, “मावशी, तिची काही चूक नाही. आईच्या अंगठ्याला नखुरडं झालं. मिशनीवर मी शिवली.”

“न्हाय,” आक्का म्हणाली. “मला चार दिस ठाव हुतं. मी गप बसले. मला धाडायचं आसंल तर धाडा माघारी.”

विहीणबाईंनी आईचा बांधलेला अंगठा बघितला. मग हिची बोटं बघितली. मग पुन्हा वाकळ.

“ह्यो दोरा मिशनीच्या वर कुनी घातला?”

“मी,” ही हळूच म्हणाली.

“समद्या रेघांवर?”

“व्हय.”

“अगं शानी हायस का? येवढ्या टाक्यांत आक्खी वाकळ हातानं झाली आस्ती की! एक दिस आदीच झाली आस्ती!”

हा हिशेब आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

“कात्री आना,” बाई म्हणाल्या. आईनं पदराखालून काढून दिली. आप्पांनी दिलेलं मानाचं धोतर त्यांनी शेपटाच्या कडेनं कराकरा कापलं. आप्पा “अगं, अगं!” करत राहिले. मग विहीणबाईंनी सुई मागितली, सोप्यातच फतकल मारली, आणि वाकळेत राहिलेल्या तुकड्याच्या कडा आत दुमडून स्वतःच्या हातानं शिवू लागल्या. बारीक, अडखळते, सुरेख टाके. चारी बाजूंनी फिरल्या आणि दोरा दातानं तोडून आक्काला म्हणाल्या, “कडा तुज्या आईच्या हातच्या. धावदोरा तुज्या भावजयीचा. ह्यो माझा. आता कुनी इचारलं तर सांग, घरच्या बायकांच्या हातची हाय. आन् नख लावून बघाया कुनी आली, तर माझ्याकडं धाड तिला. बघतेच मी.”

आक्का त्यांच्या पाया पडली आणि मग जी रडली ती आठ वर्षांचं रडली. आईही रडली. मीही रडलो असतो. पण मी त्या वेळी अर्ध्या धोतरात होतो, आणि अर्ध्या धोतरात माणसाला कोणतीच भावना पुरती दाखवता येत नाही. शेवटी हिनं आपलं जुनं हिरवं लुगडं आणून माझ्या अंगावर टाकलं. ते गुंडाळून मी उठलो, तोच आप्पांनी “आता तरी भेट घ्या!” म्हणून मला कडकडून मिठी मारली. त्या मिठीत माझा गुडघा खरोखरच धरला.

वाकळ कोगनोळीला गेली. आक्काही ताठ मानेनं गेली. त्यानंतर तिला पाणवठ्यावर कोणी एक टोमणा मारला नाही, असं ती शपथेवर सांगते. मला ते पटतं. बायकांना हिरव्या लुगड्यातला मास्तर मिळाल्यावर आक्काकडं बघायला सवड कुणाला होती!