बाबांना कमी ऐकू येतं

आमच्या परळच्या चाळीत गुपित ठेवायला जागा नाही. पोटमाळ्यावर गणपतीच्या मखरापासून गाद्यांच्या वळकट्यांपर्यंत सगळं मावतं, गुपित तेवढं मावत नाही.

शेजारच्या काकूंचंच घ्या. त्यांच्या पित्ताशयातले खडे काढले तेव्हा डॉक्टरांनी ते एका डबीत घालून दिले. दुसरं कुणी असतं तर डबी कपाटात गेली असती. काकूंनी ती हळदीकुंकवाला फिरवली. चाळीत नवी सून आली की आजही तिला आधी खडे दाखवतात, मग चहा विचारतात. संडास गॅलरीच्या टोकाला. तुम्ही आत किती वेळ आहात यावरून बाहेरच्या रांगेत निदान होतं आणि तुम्ही कडी काढेपर्यंत कुणीतरी ओवा घेऊन उभं असतं.

चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाल्यापासून तर आनंदीआनंदच आहे. सकाळी गुलाबाच्या फुलासोबत कुणाची ना कुणाची शुगर येते, उपाशीपोटीची वेगळी आणि जेवणानंतरची वेगळी. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याचा फोटो इतक्या जवळून टाकला की मला आधी तो खरवस वाटला. मी पन्नाशीला टेकले तरी लग्न का केलं नाही, यावरही तिथे चर्चा झाली. मी ग्रुपवर आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं, किंवा होतं आणि त्यात गैर काय हे कळलं नव्हतं.

अशा ठिकाणी राहून आईने ठरवलं की बाबांचं कुणाला कळता कामा नये.

बाबा विसरायला लागले होते. चष्मा, किल्ल्या तर सगळेच विसरतात. एके सकाळी त्यांनी आईला अगदी अदबीने विचारलं, "आपलं गाव कुठलं म्हणायचं?" आई देवगडची. तिने गाव सांगितलं, चहा दिला, मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि रोज थोडं चालू द्या म्हणाले. येताना टॅक्सीत आईने मला बजावलं, "चाळीत एक अक्षर बोलायचं नाही. आयुष्यभर लोक ह्यांच्याकडे सल्ला विचारायला आले. आता गंमत बघायला नकोत यायला." मला ते पटलं. बाबांनी इस्टेट म्हणून काही केलं असेल तर तो हा मान. तो गॅलरीत वाळत घातलेला मला बघवला नसता.

पहिला उपाय आईने केला तो दार लावून घेण्याचा. यासारखी चूक नाही. आमच्याकडे दिवसा दार बंद म्हणजे एक तर भांडण, नाहीतर मयत. अर्ध्या तासात काकूंनी कडी वाजवली. पाठोपाठ पहिल्या मजल्यावरचे काका पांढरा सदरा घालूनच आले, वेळेला धावपळ नको म्हणून. दार पुन्हा उघडलं ते कायमचं.

मग आईला दुसरी युक्ती सुचली. बाबा भलतंच काही बोलले की ती हसून म्हणायची, "हल्ली ह्यांना कमी ऐकू येतं हो." युक्ती बिनतोड होती. कुणी विचारलं, जेवलात का, आणि बाबा म्हणाले, बोट अजून लागली नाही, की दोष कानाचा. कान म्हातारे झाले तर त्यात लाज नाही. शेजाऱ्यांनी मान डोलावली, आणि मग सगळी चाळ ओरडायला लागली.

बाबांचे कान ठणठणीत होते. काकू दारातून ठणाणा करायच्या, "काय ओ भावजी, बरे आसात मा?" बाबा दचकून पेपर खाली पाडायचे आणि चिडून म्हणायचे, "ओरडता कशाला? मी काय बहिरा आहे?" आई समाधानाने मान हलवायची, बघा, म्हणत नव्हते? ग्रुपवर कानाचे उपाय सुरू झाले. लसणीचं तेल आलं, रुईच्या पानाचा रस आला, कुणाच्या तरी स्वर्गवासी सासऱ्याचं कानाचं मशीन आलं, धुऊन पुसून. मी प्रत्येकाला धन्यवाद लिहीत होते आणि मनात म्हणत होते, काय भोळे लोक आहेत! दुसऱ्याच्या पोटातला वारा ओळखतात, पण नाकासमोरचं दिसत नाही.

बाबा दुपारनंतर फिरायला जायचे आणि परतताना नेमकं कुणीतरी सोबत असायचं. "वाटेत भेटले, म्हटलं येऊ बरोबर." आईला ती देवाची कृपा वाटायची. मला वाटायचं, ह्या लोकांना कामधंदा नाही.

एका मंगळवारी ऑफिसातला एसी बंद पडला म्हणून आम्हाला लवकर सोडलं. येताना मी माझ्या जुन्या शाळेच्या गल्लीतून वळले. शाळा सुटत होती. फाटकाशी आयांची, आज्यांची, रिक्षावाल्यांची गर्दी होती, आणि त्या गर्दीत इस्त्रीचा शर्ट घालून बाबा उभे होते. हातात पाण्याची बाटली. ते बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलीचा चेहरा बघत होते. शेजारी काकू उभ्या होत्या, वॉचमनला स्वतःच्या ॲसिडिटीची सविस्तर हकीगत सांगत.

बाबा मला न्यायला आले होते.

काकूंनी मला पाहिलं, आणि पाठीमागे नेलेल्या हाताने हळूच खूण केली, जा. मी शेजारच्या पानाच्या टपरीआड सरकले. गर्दी ओसरल्यावर त्या बाबांकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. "भावजी, तिची शाळा आज लवकर सुटली. ती घराक गेली."

"एकटी?" बाबा घाबरले.

"एकटी कशी जायत? मी नाय पोचवलंय?"

बाबांचा जीव भांड्यात पडला. मी टपरीआड उभी राहून रडले, आणि टपरीवाल्याने विचारलंच, काय झालं म्हणून.

चाळीच्या जिन्यात काकूंना गाठलं. बाबा पुढे गेले होते. "काकू, तुम्हाला कधीपासून..."

"पयल्यापासून. कान बरे आसत त्यांचे, आमका काय कळणा नाय?" त्यांनी पदराने घाम पुसला. "सगळ्यांनी वार लावन घेतले आसत. मंगळवार माझो. पण तुझ्या आवशीक बोलू नको. तिका वाटता, कोणाक म्हायत नाय. वाटान दे."

म्हणजे जी चाळ पित्ताशयातले खडेसुद्धा पोटात ठेवत नाही, तिने हे पोटात ठेवलं होतं. ग्रुपवर एक शब्द नाही. आणि भोळी कोण, तर मी.

मी घरात शिरले. आई चहा टाकत होती. म्हणाली, "काकू भेटल्या ह्यांना वाटेत. देवासारख्या." बाबांनी पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आलीस ना नीट?"

"आले, बाबा."

तेवढ्यात काकू दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा कडाडल्या, "काय ओ भावजी, आज तरी ऐकाक येता काय?"

बाबा दचकले. "ओरडता कशाला? मी काय बहिरा आहे?"

आईने माझ्याकडे बघून विजयाने डोळे मिचकावले. मी चहाचा कप उचलला, बाबांच्या कानाशी वाकले आणि जमेल तेवढ्या जोरात ओरडले, "बाबा, चहा!"